एका गाईचे अकरा मालक

उंद्रीच्या बसस्टँडला लागून दोन गाळे आहेत. एक माझं ब्युटी पार्लर, दुसरा गोकुळ सुरडकरचा ‘कडूबा फोटो स्टुडिओ’. मधली भिंत प्लायची. तिकडे गोकुळभाऊ शिंकला की इकडे माझ्या खुर्चीतली बाई दचकते, आणि कात्री माझ्या हातात असते. तेव्हा त्या मंगळवारी त्याला आलेला फोन मी कान लावून ऐकला, असं कुणी म्हणू नये. तो ऐकू आला.

आधी तो नेहमीसारखा “बोला” म्हणाला. मग “हो, मीच गोकुळ.” मग एकदम बारीक आवाजात, “मॅडम, फोटो माझेच आहेत, पण...” मी बाहेर येऊन डोकावलं. तो स्टुलावर बसला होता, फोन मांडीवर पडलेला, तोंडाचा रंग पार उडालेला.

“काय झालं, भाऊ?”

“योगिनीताई, मुंबईहून फोन होता. सगळ्या विमा कंपन्यांची मिळून एक संघटना हाय म्हणे. तिथून मॅडम येऊन राह्यल्या, बावीस तारखेले. गाईच्या फोटोची चौकशी करायले.”

“कोणत्या गाईच्या?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. त्या फोटोंत माझाही हात होता.

आधी हा माणूस कसा आहे ते सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की उंद्रीत गाईंच्या नावावर टोळी चालते. गोकुळभाऊ म्हणजे अडतीस वर्षांचा, उंच, किडकिडीत आणि जगातला पहिल्या नंबरचा भित्रा माणूस. पोलिसांची गाडी स्टँडवर चहाला थांबली तरी हा उगाच काउंटरवरचं सामान नीट लावायला घेतो. खोटं बोलता येत नाही. बोललाच तर कानाच्या पाळ्या लाल होतात आणि समोरचा न विचारता ओळखतो. मी त्याला यावरून एकवीस वर्षं चिडवत आले आहे.

स्टुडिओ त्याच्या वडिलांनी, कडूबांनी काढला. कडूबांकडे एक काळा कोट होता, इलॅस्टिकचा टाय होता आणि एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ. लग्नाच्या पोराचा फोटो काढायचा तर आधी तो कोट अंगावर चढायचा. उंद्रीतल्या तिशीच्या पुढच्या कुठल्याही बाप्याचा लग्नाआधीचा फोटो बघा, अंगात तोच कोट. माझ्या नवऱ्याचाही तोच. मी होकार दिला कोटाला आणि घरात आला बनियनवाला. पण फसवलं असं कुणी म्हटलं नाही, कारण आमच्या माहेरी चिखलीच्या फोटोवाल्याकडेही असाच एक कोट होता आणि माझा भाऊ त्यात उजळला होता. फोटोत माणूस बरा दिसावा, एवढंच लोकांना कळतं. गोकुळभाऊ बापाकडून हेच शिकला. फोटो काढणं म्हणजे समोरच्याची लाज राखणं, असं त्याला खरोखर वाटतं.

आणि याच शिकवणीने तो गोत्यात आला.

आठ-दहा महिन्यांत गावात जनावरांच्या विम्याची तीन शिबिरं झाली, तीन वेगळ्या कंपन्यांची. कंपनीचा एजंट यायचा, स्टँडसमोरच्या चौकात टेबल मांडायचा. मालकाने गाईजवळ उभं राहून फोटो काढायचा, फोटोत गाईच्या कानाशी नंबराचा पिवळा बिल्ला दिसला पाहिजे. मग दुपारी डॉक्टर घरोघर जाऊन तोच बिल्ला गाईच्या कानात ठोकायचे आणि तिचं वय, रंग, किंमत कागदावर लिहायचे. फोटोचं काम गोकुळभाऊकडे.

पहिल्या शिबिरात पहिला नंबर तानुबाईंचा लागला. तानुबाई गावाच्या खालच्या अंगाला राहतात, साठी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. एक मुलगा पुण्याला कंपनीत, सून सुचिता घरी. एका गाईच्या दुधावर दोघींचं चालायचं, दूध स्टँडवरच्या हॉटेलला जायचं. गाय काळी, हडकुळी, एक शिंग मोडलेलं, पण दुधाला चांगली. गोकुळभाऊने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली केला.

“मावशी, हे फोटोत बरी दिसत नाही हो. हाडं दिसून राह्यली. मुंबईच्या सायबानं पाह्यली तं म्हणीन, हे गाय का सांगाडा?”

“मंग काय करू? हेच हाय माही.”

“पंजाबरावदादाची गीर बांधली हाय तिथं. तिच्यासंग उभ्या राहा. फोटोपुरतं.”

“ते माही नाही न पण,” तानुबाई म्हणाल्या. मी दारात उभी होते, मी ऐकलं. एकदा नाही, दोनदा म्हणाल्या.

“फोटोच हाय, मावशी. बिल्ला तं तुमच्याच गाईच्या कानात बसणार.”

पंजाबराव आमच्याकडचे मोठे शेतकरी. त्यांची गीर गाय तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, अंगाने भरलेली. तिचं कौतुक झालं की पंजाबराव स्वतःचं झाल्यासारखे फुलतात. त्यांनी आनंदाने दावं सोडून दिलं. बिल्ला कानाशी टिकेना, तेव्हा गोकुळभाऊ माझ्याकडे धावत आला आणि मी केसांची गुलाबी फुलपाखराची चिमटी काढून दिली. फोटो इतका सुरेख आला की रांगेतल्या सगळ्यांनी तीच गाय मागितली. कुणाची गाय चरायला गेलेली, कुणाची शेणाने भरलेली, कुणाची मारकी. तीन शिबिरांत मिळून अकरा जण त्या गिरीशेजारी उभे राहिले. अकरातली एक माझी सासू. आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात, गोकुळभाऊच्या सवयीप्रमाणे, छापलेलं: ‘कडूबा फोटो, उंद्री’. चोराने स्वतःचा पत्ता ठेवून जावं तसं. फक्त आपण चोरी करतोय हेच कुणाला माहीत नव्हतं.

श्रावणात तानुबाईंची गाय पोट फुगून मेली. डॉक्टर आले, त्यांनी तपासून कागद केला, कानातला बिल्ला काढून दिला, मेलेल्या गाईचा फोटो मोबाइलवर घेतला. सुचिताने सगळं कंपनीकडे पाठवलं. महिन्याने उत्तर आलं की विमा काढलेली गाय तांबडी होती आणि मेलेली काळी आहे, दावा नामंजूर.

सुचिता दहावी शिकलेली, गप्प बसणारी नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक पोस्टर लागलेलं होतं, विमा कंपन्यांच्या संघटनेचं. दावा नाकारला, एजंटने फसवलं, काही कळत नसलं तर या नंबरवर बोला. तिने फोन केला. बिचारीला वाटलं, मदत येईल. तिकडे संघटनेने तक्रार नोंदवली आणि सगळ्या कंपन्यांकडचे उंद्रीचे कागद एकत्र मागवले. एकेका कंपनीला आपापले तीन-चार फोटो दिसत होते, त्यात काही खटकलं नव्हतं. संघटनेपुढे अकराही एका ओळीत आले. तीच गाय, तोच कपाळावरचा ठिपका, अकरा मालक, अकरा बिल्ले.

तानुबाईंना पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांचं नाव संशयितांच्या यादीत राहील, ही यादी सगळ्या कंपन्यांना जाते, आणि फसवणूक ठरली तर कंपनी पोलिसांत जाऊ शकते. सुचिताने ते पत्र स्टँडवर माझ्याकडून वाचून घेतलं, आपल्याला चुकीचं तर कळलं नाही ना म्हणून.

त्या फोननंतर गोकुळभाऊ अर्ध्या शटरने दुकान चालवू लागला. चहा पाठवला तर तसाच परत यायचा, वर साय धरलेली. प्लायपलीकडून त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. तो जबाबाची तालीम करायचा. “मॅडम, मी फक्त फोटो काढतो.” मग थांबायचा. “मॅडम, गाय कोणाची हे मी विचारत नसतो.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मला माहीत होतं, तिकडे एकट्याने बोलतानाही त्याचे कान लाल होत असणार. हसू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. रात्री मला माझी चिमटी दिसायची, पेपरात छापून आलेली, खाली माझं नाव.

त्याला खरी भीती कशाची होती, ते त्याने एकदाच सांगितलं. “ताई, मावशी माहं नाव घेईन. अन् बरोबरच हाय. मीच उभं केलं न तिले. ते नाही म्हणत होती.”

तानुबाई एकदा आल्या त्याच्याकडे. भर दुपारी, छत्री घेऊन. गोकुळभाऊने त्यांना रस्त्यावरूनच पाहिलं आणि काय करावं या माणसाने? मागे काश्मीरच्या तळ्याचं चित्र असलेला पडदा आहे, त्याच्या आड जाऊन उभा राहिला. तानुबाई दारात थांबल्या. मी लगबगीने बाहेर आले.

“भाऊ चिखलीले गेला, मावशी.”

पडद्याखाली त्याच्या चपला दिसत होत्या, चपलांत पाय होते. तानुबाईंनी त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “बरं. आला म्हणजे सांग, मी येऊन गेलो.” छत्री उघडून निघून गेल्या. आम्ही दोघं त्यानंतर एकमेकांशी बोललो नाही, इतकी लाज वाटली.

वीस तारखेला पंजाबरावांच्या ओसरीवर सगळे जमले. सासूच्या वतीने मी गेले. पंजाबराव एरवी दिलदार माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढलेला होता. घाबरलेला मोठा माणूस फार वाईट दिसतो.

“हे पाहा, सुरुवात तानुबाईच्या तक्रारीनं झाली,” ते म्हणाले. “आपण सगळ्यायनं एकच सांगायचं. तिनं माही गाय न विचारता नेली, फोटो काढला. बाकीचे फोटो कसे झाले, आपल्याले मालूम नाही. तिनंच कोणाले तरी हाताशी धरून केले असतीन. गाय मी उद्याच सुलतानपूरले साडूकडं धाडून देतो.”

माना हलल्या. माझीही हलली.

“मावशीचं काय होईन मंग?” गोकुळभाऊने विचारलं. इतक्या हळू की पंजाबरावांना “काय?” म्हणून पुन्हा विचारावं लागलं.

“तिची गाय तं मेलीच न. तिले आता विमा कायले पायजे? अन् म्हाताऱ्या बाईले कोणी जेलात टाकत नसते. तुले टाकतीन. तू पोरंबाळंवाला माणूस, तू मुकाट्यानं राह्य.”

गोकुळभाऊ मुकाट्याने राहिला. मला त्याचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

बावीस तारखेला अकराच्या सुमारास मॅडम आल्या. मलकापूरला रेल्वेतून उतरून भाड्याच्या गाडीने. आम्हाला वाटलं होतं, कुणीतरी करडी बाई असेल, बरोबर शिपाई असेल. आली ती तिशीतली सडपातळ मुलगी, पाठीवर बॅग, सर्दीने नाक लाल झालेलं. प्रेरणा नाव. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसली, गरम पाणी मागितलं आणि म्हणाली, “घाबरू नका. मी पोलीस नाही.”

कुणाचंही घाबरणं कमी झालं नाही.

तिने सांगितलं ते मला पुरतं पहिल्यांदा कळलं. आयुर्विमा वेगळा. गाडी, दुकान, पीक, जनावर हे विमे वर्षा-वर्षाला नवे करावे लागतात आणि ते विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्या कंपन्या एरवी एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या असतात, पण त्यांनीच मिळून ही संघटना काढली आहे. ती विमा विकत नाही, भरपाई देत नाही, शिक्षाही करत नाही. सरकारशी बोलते, सगळ्या कंपन्यांना एक नियम लावून देते, लोकांच्या तक्रारी कंपनीपुढे मांडते आणि फसवणुकीची माहिती एका जागी ठेवते. “एखाद्याने एका कंपनीला फसवलं तर तो दुसरीकडे जातो. त्यामुळे विमा महाग होतो आणि प्रामाणिक माणसाचाही दावा अडतो. म्हणून यादी,” ती म्हणाली. “माझं काम फक्त खरं काय ते लिहून नेण्याचं आहे.”

पण यादीत नाव गेलं तर देशातली एकही कंपनी त्या माणसाला दारात उभं करणार नाही, हेही तिने त्याच शांत आवाजात सांगितलं. पोलीस निदान ओरडतो, त्याला हातापाया पडता येतं. या सर्दी झालेल्या मुलीच्या कागदाच्या पाया कसं पडणार?

एकेकाला आत बोलावलं. पंजाबराव बाहेर आले ते कपाळ पुसत. माझी सासू बाहेर आली आणि म्हणाली, “ठरलं तसंच सांगतलं.” सगळ्यांनी ठरलं तसंच सांगितलं. सातव्याने, आठव्यानेही. तानुबाई तेवढा वेळ कार्यालयाच्या पायरीवर बसून होत्या, आत बोलवायची वाट बघत. त्यांच्या अंगावरून लोक जात होते आणि कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

शेवटी गोकुळभाऊला बोलावलं, आणि माझंही नाव घेतलं. आत टेबलावर अकराही फोटो मांडलेले होते. प्रेरणाने एक मोठा करून लॅपटॉपवर दाखवला. गाईचा कान, कानाशी बिल्ला, आणि बिल्ल्यावर गुलाबी फुलपाखरू.

“ही चिमटी पार्लरमधली वाटते. स्टुडिओच्या शेजारी तुमचं पार्लर आहे ना? तुमची आहे का?”

“बाजारात मिळते अशी. कोणाचीही असेल,” मी म्हणाले.

मी खोटं बोलले. इतकं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. माझे कान लाल झाले नाहीत.

मग ती गोकुळभाऊकडे वळली. “तुमचं नाव प्रत्येक फोटोवर आहे. बाकी सगळे म्हणतात, हे तानुबाईंनी घडवून आणलं. तुमचं काय म्हणणं आहे?”

तो उभाच होता. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरलेली, आणि खुर्ची त्याच्याबरोबर थरथरत होती. फरशीवर तिचा एक पाय टकटक वाजत होता. मला वाटलं, आता तो तालमीतलं वाक्य म्हणणार.

“मॅडम, मले एक सांगा,” तो म्हणाला. “जेल होते का याले?”

“मला माहीत नाही. ते कंपन्या ठरवतील.”

“किती वर्षं होते?”

“मला खरंच माहीत नाही.”

“मावशी नाही म्हणत होती. दोन डाव म्हणली, हे माही गाय नाही. मीच उभं केलं तिले. बाकीच्यायलेबी मीच. मावशीनं काहीच केलं नाही.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं. कडूबांचा कोट, टाय, बंद घड्याळ. मुलीकडचे फोटो बघून हसायचे पण लग्नं मोडायची नाहीत. त्याच हिशेबाने त्याने गाय उभी केली. प्रेरणा लिहायची थांबली. तिने विचारलं की यात जास्त भरपाई मिळावी असा हेतू होता का. तो म्हणाला, “नाही जी, किंमत तं डॉक्टरनं खऱ्या गाईची लेहेली, कागद पाहा.” तिने डॉक्टरांचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं: काळी, उजवं शिंग मोडलेलं. नंबर मेलेल्या गाईच्या बिल्ल्याचाच. तो कागद पहिल्या दिवसापासून कंपनीच्या फाइलमध्ये होता. फोटो बघून कुणी पुढचं पान उलटलंच नव्हतं.

“मॅडम,” मी म्हणाले, “चिमटी माझी आहे. मीच दिली.” कुठून बोलले कोण जाणे. प्रेरणाने मान डोलावली, जणू तिला ते आधीच माहीत होतं, आणि लिहून घेतलं.

गोकुळभाऊला तिने स्वतःच्या हाताने जबाब लिहायला लावला. तीन ओळी लिहायला त्याला पाव तास लागला. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं. ती म्हणाली, “तुमचं नाव यादीत जाईल. कंपन्यांची फोटोची कामं तुम्हाला मिळणार नाहीत. तुमच्या स्टुडिओचा विमासुद्धा कदाचित कुणी करणार नाही.” तो हो, हो म्हणत राहिला.

मग तिने फाइलमधून आणखी एक कागद काढला. “एक राहिलं. तुमचा जबाब आणि हा जबाब जुळत नाही, म्हणून वाचून दाखवते. तानुबाईंचा आहे. पत्र गेल्यावर आम्ही त्यांना तीनदा फोन केला.”

तिने वाचलं. गाय मीच मागून आणली. फोटोवाल्याला वाटलं, माझीच आहे. त्याचा काही दोष नाही, त्याने बटन दाबलं फक्त. नाव यादीत जाईल, पोलिसांत प्रकरण जाऊ शकतं, हे समजावून सांगितलं असता त्या म्हणाल्या, जाऊ द्या, मी बिनागाईची राहीन. दुसऱ्या फोनला तेच. तिसऱ्यालाही तेच.

गोकुळभाऊ खाली बसला. खुर्ची होती, पण तो फरशीवर बसला.

पुढचं इथेच सांगून टाकते. संघटनेने अहवाल कंपनीकडे पाठवला आणि दिवाळीच्या आधी तानुबाईंचा दावा मंजूर झाला. त्यांचं नाव यादीतून निघालं. बाकीच्या दहा जणांना आपापल्या गाईसोबत नवे फोटो काढावे लागले, चिखलीहून माणूस बोलावून. पोलीस आजपर्यंत आले नाहीत. गोकुळभाऊचं नाव यादीत आहे, आणि स्टँडवर अनोळखी गाडी थांबली की प्लायपलीकडचे सगळे आवाज अजून बंद होतात. पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघं दारातून बाहेर आलो तेव्हा तो जेलमध्ये जाणार असंच धरून चाललो होतो.

तानुबाई पायरीवरच होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“सांगतलंस?”

“हाव, मावशी.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “काऊन बे? तीन डाव खोटं बोललो मी तुयासाठी. या वयात. सारं वाया घालवलं न तू?”

गोकुळभाऊ त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. रडायला लागला, मोठ्या माणसाने रडू नये तसा, तोंड उघडं टाकून. “मावशी, मले वाटे तुमी माहं नाव घेसान. महिनाभर मले तुमचंच भेव वाटून राह्यलं.”

“अन् मले तुहं,” तानुबाई म्हणाल्या. पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्याच पदराने त्याचं तोंड. “तुले खोटं बोलता येत नाही हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. म्हणलं, हा पोरगा जाऊन खरं सांगीन अन् स्वतःले बुडवून घेईन. महिनाभर माह्या डोळ्याले डोळा नाही लागला.”